चुन्यावरचा माग

१

नाताळच्या आधी साहेब काश्मीरला गेले की दुसऱ्या दिवशी फळ्यांच्या खोलीत चुना पसरायचा, हा आमच्या बंगल्याचा शिरस्ता होता. साहेबांचं नाव हॅलिडे. कुसगावात सगळे त्यांना हळदेसाहेब म्हणत आणि तेही त्या नावाला ओ देत. धरणाच्या कामावर ते इंजिनिअर होते. लोणावळ्याच्या टोकाला, कुसगावच्या अंगाला त्यांचा बंगला होता आणि त्याचा कारभार माझ्याकडे होता. मी महिपती, कुसगावचाच. व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलेला, म्हणून गावात शहाण्यांत जमा आणि बंगल्यावर नोकरांत.

साहेबांना नाद एकच, बर्फावरून घसरण्याचा. त्यापायी ते दर हिवाळ्यात रजा काढून आगगाडीने रावळपिंडीला आणि तिथून गुलमर्गच्या डोंगरात जात. बरोबर माणसाच्या उंचीहून लांब अशा लाकडी फळ्या असायच्या, टोकाशी वर वळलेल्या. एका पायाला एक फळी बांधायची आणि दोन्ही हातांत वेताचं कडं लावलेल्या काठ्या घ्यायच्या. शिवाय मेणाच्या वड्या, जाड बूट, काळे चष्मे, आणि समुद्रातल्या कुठल्याशा जनावराचं कातडं. हे कातडं डोंगर चढताना फळीखाली बांधतात. त्याचे केस सगळे एकाच दिशेला निजलेले असतात, त्यामुळे फळी पुढे सरकते आणि मागे घसरत नाही. माथ्यावर पोचलं की कातडं सोडून कमरेला गुंडाळायचं आणि घसरत खाली यायचं. एवढ्यासाठी माणूस इतक्या लांब जातो, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. पण ज्याची त्याची हौस.

उरलेलं वर्षभर हे सामान बंगल्यामागच्या जुन्या तबेल्यात राहायचं. पावसाळ्यात लोणावळ्यात चामड्याला बुरशी आणि लाकडाला वाळवी लागायला वेळ लागत नाही. मी खोलीत शेगडी ठेवायचो, फळ्यांना जवसाचं तेल चोळायचो, कातडी कापूर घालून पत्र्याच्या पेटीत ठेवायचो. हिवाळ्यात खोली रिकामी झाली की वाळवीचा बंदोबस्त. मातीच्या जमिनीवर चुन्याची फक्की आणि राख मिसळून जाड थर द्यायचा आणि कुलूप लावायचं. साहेब निघाल्याची तार आली की चुना झाडून काढायचा आणि जमीन शेणाने सारवायची, कारण चुना चामडं खातो. पसरायचं काम माझं. झाडायचं काम सारजाचं.

खोलीला खिडकी नव्हती. पूर्वेला एक दार, आणि मागच्या भिंतीला फळ्या टांगायच्या खुंट्या.

२

सारजा बंगल्यावर झाडलोट करायची. तिचा नवरा कान्हू बागेला पाणी घालायचा आणि हिवाळ्यात साहेबांचं सामान घेऊन त्यांच्याबरोबर जायचा. दोघं डोंगरावरच्या वाडीतली. थोडी नाचणी, थोडी वरई, बाकी मोलमजुरी. मूलबाळ नव्हतं. कान्हू अंगाने काटक, बोलायला गमत्या.

पहिल्या वर्षी तो नुसती ओझी वाहायला गेला. पुढच्या वर्षी साहेबांच्या मनात आलं, ह्यालाही फळ्यांवर उभा करावा. पाऊस सरला की बंगल्यामागच्या उतारावरचं गवत पिवळं पडतं आणि वाळल्यावर भलतं निसरडं होतं. साहेबांनी आपली जुनी जोडी कान्हूच्या पायांना बांधली आणि त्याला त्या गवतावरून सोडला. बघायला अर्धं कुसगाव लोटलं. कान्हू करवंदीच्या जाळीत जाऊन पडला तेव्हा लोक पोट धरून हसले. मीही हसलो. पण दिवाळीपर्यंत गडी वळायलासुद्धा शिकला. फळी सरकली की 'सर्र' असा लांब आवाज यायचा आणि मागोमाग काठी टेकल्याचा 'टुक'. सर्र, टुक. तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

परत आला की ओसरीवर बसून तो बर्फाच्या गोष्टी सांगायचा. त्याच्या लेखी बर्फाच्या चार जाती होत्या: पीठ, कणी, पापडी आणि चिखल. पीठ चांगलं. पापडी वरून धरलेली आणि आतून पोकळ, ती दगा देते.

"उघड्या हातानं लोखंड धरायचं न्हाई, भाऊ," तो म्हणायचा. "थंडीनं कातडं चिकटून बसतं. वडलं की सालटं निघतं."

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माग. "तितं समदं सारकंच. झाड न्हाई, धोंडा न्हाई. धुकं आलं तर सोताचा हात दिसत न्हाई. आपुन ज्या मागानं गेलो त्यो धरूनच माघारी यायचं. माग मोडला की मानूस संपला."

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी निघताना घोंगडीवरून थोडी कुरबुर झाली. साहेबांनी कान्हूला लोकरीचा कोट दिला होता आणि घोंगडी आणायची नाही म्हणून बजावलं होतं. घोंगडीला बर्फ चिकटतो आणि ती जड होते, असं त्यांचं म्हणणं. सारजाला ते पटलं नाही.

"कोटानं काय व्हतंय? घोंगडीबिगर ह्यांना बसल्या जागी थंडी वाजती."

"आगं, साहेब काय खुळा हाय का?" कान्हू म्हणाला. त्याने घोंगडी ओसरीवरच्या खुंटीला अडकवली, खोलीतून फळ्या खांद्यावर घेतल्या, आणि "येतो" म्हणून साहेबांच्या मागे निघाला. सारजा फाटकापर्यंत गेली.

आमच्याकडे घरचं माणूस परगावी निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत मागे केर काढत नाहीत. सारजाने ही चाल त्या खोलीलाही लावली होती, कारण नवरा तिथून सामान उचलून निघायचा. गुलमर्गला सुखरूप पोचल्याचं साहेबांचं कार्ड आलं तेव्हा मी तिला वाचून दाखवलं.

"तितं पोचून काय उपेग?" ती म्हणाली. "तितनं रोज वर जातोय न्हवं? खाली उतरून घरची वाट धरली की मग झाडीन."

३

कार्ड आलं त्याच आठवड्यात मी वाळवी बघायला खोली उघडली. सकाळ होती. दारातून ऊन आत पडलं आणि पांढरी जमीन डोळ्यांवर आली.

कान्हूची जोडी ज्या खुंटीला टांगायची, तिच्या खालून चुन्यात दोन रेघा निघाल्या होत्या. एकमेकींना धरून, सरळ, माझ्या तळहाताएवढ्या रुंद. चारेक हात पुढे येऊन थांबल्या होत्या. दोन्ही अंगांना थोड्या थोड्या अंतरावर वाटोळे ठसे होते, बांगडीहून मोठे, आणि प्रत्येकाच्या मध्ये एक टोचा.

घूस, मी मनाशी म्हणालो. मग वाटलं, घुशीला शेपटी एक असते. दुसरा विचार आला की छपराच्या वाशांवरून काहीतरी गळत असेल. वर बघितलं. वासे कोरडे होते. किल्ली माझ्या करगोट्याला असायची आणि दुसरी किल्ली नव्हती. चुन्यावर माझ्या पावलांचे ठसे नव्हते, कारण चुना मी मागच्या भिंतीपासून पसरत दाराकडे आलो होतो. तिथे पाय न टाकता कुणी आत जाणं शक्य नव्हतं. मी दार लावलं, चहा केला आणि सावकाश प्यायलो. माणूस घाबरला नाही हे स्वतःला दाखवायचं असलं की चहा बरा.

दुसऱ्या दिवशी रेघा खोलीच्या मध्यापर्यंत आल्या होत्या.

मी उंबऱ्यात उकिडवा बसलो आणि नीट पाहिलं. रेघांच्या तळाशी बारीक बारीक ओरखडे होते, केसांचे उठावेत तसे, सगळे एकाच दिशेने. चढताना फळीखाली कातडं असतं. ते कातडं मी दर वर्षी विंचरून पेटीत ठेवायचो, त्यामुळे त्याचा ठसा मला कुणी समजावून सांगायला नको होता.

त्यानंतरच्या सकाळी रेघा दाराकडच्या भिंतीशी येऊन वळल्या होत्या आणि खुंटीकडे परत गेल्या होत्या. परतीच्या रेघा गुळगुळीत होत्या. कातडं काढून उतरल्यासारख्या.

४

सारजाला सांगायचं नाही असं मी ठरवलं. त्याला कारण होतं. आमच्या भागात माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरतात, वर पाटी पालथी घालतात, आणि सकाळी पाटी उचलून पिठात काय उमटलं ते बघतात. त्यावरून गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते ठरवतात. माझा ह्या गोष्टीवर विश्वास नाही. पण सारजाचा होता, आणि पांढऱ्या जमिनीवर नवऱ्याचा ठसा बघून ती काय समजेल हे उघड होतं.

पण बाईच्या नजरेतून काही सुटत नाही.

"भाऊ, त्या खोलीत काय हाय?"

"चुना. दुसरं काय असनार?"

"चुना बघाया रोज सकाळी जाता व्हय?"

मी कुलूप काढून दार ढकललं आणि बाजूला झालो. ती उंबऱ्याशी बसली. तोवर नव्या दिवसाच्या नव्या रेघा उठल्या होत्या, आधीच्यांना छेदून तिरक्या गेलेल्या. तिने बोट पुढे केलं, पण चुन्याला लावलं नाही.

"सारजा, मनात काय बी आनू नको," मी म्हणालो. "हे पिठावरचं न्हवं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "मेलेलं मानूस येकदाच उमटतं. ह्ये रोज चालत्यात." आणि तिच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगू, समाधान होतं. "जातात बी आणि येतात बी. बघा की."

तेव्हापासून ती रोज सकाळी यायची, मी दार उघडायचो, ती बघायची आणि पदर खोचून कामाला लागायची. एखाद्या दिवशी रेघा नसत. मग ती उंबऱ्यावरून उठे. "आज वर गेलं न्हाईत. हवा वंगाळ आसंल," एवढं म्हणे. दुसऱ्या दिवशी रेघ दिसली की बागेतल्या नळावर भांडी घासताना तिचं गुणगुणणं ऐकू येई. नवरा जिवंत आहे याची खबर तिला रोज मिळत होती. वाडीतल्या कुठल्या बाईला असं भाग्य होतं?

मला मात्र ते मानवत नव्हतं. माझी बायको म्हणाली, चुन्याच्या वासाने तुमचं डोकं फिरलंय. तसं असतं तर बरं झालं असतं. एका सकाळी चांगलं ऊन पडलेलं असताना मी कुलपाला हात लावला आणि बोटं तिथेच राहिली. ओढली तेव्हा दोन बोटांची सालटं कुलपावर दिसली. मावळात जानेवारीत थंडी पडते, पण हंड्यातलं पाणी कधी गोठत नाही. मी बोटांना हळद लावली आणि पुढे दार उघडताना हाताला फडकं गुंडाळायला लागलो. कारण विचारलं नाही, स्वतःलाही नाही.

५

फेब्रुवारीच्या अखेरीला, दिवेलागणीला तार आली. खाली उतरलो, सर्व ठीक, सोमवारी निघतो, घर तयार ठेवा. मी सारजाला वाचून दाखवली.

"ह्ये बी ठीक हायेत?"

"सर्व ठीक म्हंजे त्यात कान्हू आलाच की."

आम्ही खोली उघडून पाहिली. तारेशी रेघा जुळत होत्या. सगळ्यात वरची जोडी गुळगुळीत होती आणि नेमकी खुंटीखाली येऊन संपली होती. काठ्यांचे ठसे शेजारी शेजारी होते, माणूस थांबून काठ्या टेकून उभा राहतो तसे. कान्हू उतरला होता. सारजाने दोन्ही हात जोडून त्या खुंटीला नमस्कार केला. मलाही बरं वाटलं, हे मी मान्य करतो. मनातला एक काटा निघाला. उद्यापासून ती खोली पुन्हा खोली होणार होती.

सकाळी किल्ली तिच्या हवाली करून मी बाजारात गेलो. चहा, साखर, साबण, घासलेट. परत आलो तोवर काम उरकलं होतं. चुना अंगणात पाट्यांत भरून ठेवला होता. जमीन हिरवीगार सारवलेली, ओली, तिच्यावर सारजाच्या बोटांच्या अर्धगोल लाटा. उंबऱ्याला तिने हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. कान्हूची घोंगडी झटकून उन्हात वाळत घातली होती.

मी दारात उभा राहून ओल्या शेणाचा वास घेतला. खोलीत थंडी नव्हती. त्या घटकेला, ऐन दुपारी, मला तो आवाज ऐकू आला. सर्र. मग बराच वेळ काही नाही. मग टुक. पुन्हा टुक, दुसरीकडे. चाचपडत्या माणसाची काठी जशी इकडेतिकडे पडते तशी.

मी घराला वळसा घालून आलो. मागच्या उतारावर गवत चरणाऱ्या दोन म्हशींखेरीज कुणी नव्हतं. वरून काठी मारत कुणी गुराखी गेला असेल, असं मी म्हणालो.

६

साहेब ठरल्यापेक्षा उशिरा आले आणि एकटे आले. टांग्यातून त्यांनी स्वतःच फळ्या उतरवल्या. एकच जोडी होती. सारजा ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. टांग्याकडे न बघता ती फाटकाकडे बघत राहिली.

साहेबांनी टोपी काढली. त्यांचं हिंदुस्थानी तोडकंमोडकं होतं, पण समजण्यासारखं. सामान बांधताना एक कातडं कमी भरलं. आदल्या दिवशी माथ्यावर सोडलं ते तिथेच राहिलं होतं. सकाळी आभाळ निवळ होतं, वारा नव्हता, बर्फ पडलेला नव्हता. कान्हू म्हणाला, मी घेऊन येतो, कालचा माग आहेच. तो गेला. साहेब चहाचा पेला घेऊन पायथ्याच्या मुक्कामाच्या झोपडीच्या दारात उभे होते आणि त्याला चढताना बघत होते.

"फिर हम नीचे का ढलान देखा," साहेब म्हणाले. "निशान नहीं था. उसका भी नहीं, हमारा भी नहीं. पूरा पहाड़ साफ."

"वाऱ्यानं?" मी विचारलं.

"हवा नहीं था, महिपती." त्यांनी हाताने हवेत अर्धगोल काढला, मग त्याला लागून दुसरा. "ऐसा. जैसे कोई झाड़ू दिया. फिर उधर से कोहरा आया."

माणसं घेऊन त्यांनी शोध घेतला होता. हाका मारल्या होत्या. धुक्यातून एकदा उत्तर आलं असं एका हमालाला वाटलं, पण कुठल्या बाजूने ते त्याला सांगता येईना.

सारजाने एकच गोष्ट विचारली. "कवा?"

मी ती साहेबांना विचारली. तार केली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ते म्हणाले.

सारजा खांब सोडून खाली बसली. ती रडली नाही. आपले तळहात तिने मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसली. साहेब आत निघून गेले.

"नवी रेघ व्हती," ती मला म्हणाली. "खुंटीपासनं निघाल्याली. मला वाटलं कालचीच."

मी म्हणालो की ह्या गोष्टीचा त्या गोष्टीशी काही संबंध नाही. काश्मीर कुठे आणि कुसगाव कुठे. मी बरंच काही म्हणालो, आणि ते सगळं बरोबर होतं. तिने ऐकून घेतलं.

"भाऊ," ती म्हणाली, "चुना हाय का शिल्लक?"

७

वाडीतली माणसं येऊन तिला सांगून गेली, क्रिया करून घे. बांगड्या उतरव, त्याला मोकळा कर. ती प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची. "मानूस वाटंवर हाय. पोचल्याबिगर क्रिया कशी करू?" मग ती माणसं माझ्याकडे आली. तुम्ही शिकलेले, तुम्ही तिला समजावा. मी पाहतो म्हणालो.

साहेब मन रमवायला म्हणून कामावरच राहायला लागले होते आणि त्यांना फळ्या नजरेसमोर नको होत्या. मी त्या माळ्यावर टाकल्या. रिकाम्या खोलीत सारजाने आणि मी मिळून चुना पसरला, मागच्या भिंतीपासून दारापर्यंत. या वेळी तिने तो हाताने सपाट केला. भाकरीला पीठ लावावं तसा, हलक्या हाताने.

पहिल्या काही सकाळी काहीच नव्हतं. मग एके दिवशी रेघा उठल्या. खुंटीपासून नाही, भिंतीपासून नाही, खोलीच्या मधूनच कुठूनतरी निघालेल्या. थोड्या सरळ गेल्या, थांबल्या, उजवीकडे वळल्या. जिथून निघाल्या तिथेच परत आल्या आणि पुन्हा निघाल्या. काठीचे ठसे पुढे पुढे टोचलेले होते, वाट चाचपणारे.

"खुंटी सापडना त्यांना," सारजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खुंटीकडे जाण्याऐवजी ते आणखी दूर गेले होते. त्यानंतर एकाच बाजूला काठीचे ठसे उमटायला लागले. रेघांमधलं अंतर कमीजास्त व्हायला लागलं. मी रोज दार उघडायचो, कारण नाही उघडलं असतं तर तिने कुलूप फोडलं असतं, आणि खरं सांगायचं तर कारण मलाही बघायचं होतं. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं आणि त्या उंबऱ्यात आम्हा दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती. दोन्हीपैकी एक खोटं असलं पाहिजे, असं मी स्वतःला सांगायचो. कुठलं ते मला ठरवता येत नव्हतं.

मग एका सकाळी रेघा थांबलेल्या दिसल्या. दारापासून चार हातांवर. दोन्ही फळ्या काढून बाजूला ठेवल्याचे लांब ठसे होते आणि त्यांच्याजवळ चुना एका जागी दबला होता. माणूस बसतो तेवढी जागा.

दिवसभर आम्ही मधून मधून बघत राहिलो. त्यात फरक पडला नाही.

"बसल्यात," सारजा म्हणाली. "दमून बसल्यात. थंडीत बसू नये, त्येच सांगायचे. बसलं की झोप येती."

संध्याकाळी ती ओसरीवर गेली आणि खुंटीवरची घोंगडी घेऊन आली. ती खोलीत शिरली नाही, पाऊल उमटू नये म्हणून. उंबऱ्यात उभं राहून तिने घोंगडी उलगडली आणि शेतावर पाखरांसाठी जाळं टाकतात तशी नेमकी त्या जागेवर टाकली. घोंगडी चुन्यावर सपाट पडली. ती मी पाहिली. सपाट. मग मी कुलूप लावलं.

सकाळी ऊन वर आल्यावर मी हाताला फडकं बांधून दार उघडलं. सारजा माझ्या पुढे होती.

घोंगडी उभी होती. म्हणजे, तिच्याखाली कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसावं तशी उचललेली होती. आमच्याकडे पाठ होती. खांद्यांची जागा दिसत होती, आणि पुढे झुकलेल्या डोक्याची. काळ्या लोकरीवर पांढरं काहीतरी धरलेलं होतं. चुनाही असेल. मी पुढे व्हायला निघालो तेव्हा सारजाने हात आडवा घातला.

"आला का, धनी?" ती म्हणाली. दारातल्या माणसाला विचारावं इतक्या हलक्या आवाजात.

डोक्याची जागा किंचित हलली. तेवढ्यात ऊन तिथवर पोचलं होतं, त्याने हलली असेल.

ऊन उंबऱ्यावरून आत सरकत गेलं. आधी घोंगडीची खालची कड ओली झाली आणि मऊ पडली. मग पाठ खचली. मग एक खांदा, मग दुसरा. कुठेही आवाज झाला नाही. सारजा उकिडवी बसून बघत होती आणि मी तिच्या मागे उभा होतो. शेवटी घोंगडी काल टाकली होती तशी जमिनीवर पसरली. खाली काहीही नव्हतं. चुना तेवढा ओला झाला होता आणि त्यातून पाण्याचा एक ओघळ उंबऱ्याकडे आला होता. सारजाने त्यात बोटं बुडवली आणि डोळ्यांना लावली.

मग तिने पदराच्या टोकाने कपाळावरचं कुंकू पुसलं. उंबऱ्याच्या दगडावर हात ठेवून बांगड्या एकेक करून फोडल्या. आधी एका हातातल्या, मग दुसऱ्या. काचा गोळा करून पदरात घेतल्या.

"पोचलं मानूस," ती म्हणाली. "भाऊ, केरसुनी द्या. आता झाडते."

मी ओसरीवरून केरसुणी आणून तिच्या हातात दिली.